गाता येत नव्हतं त्या काळात शिकलेली उपासना

उपासनेने माणूस खरंच बदलतो का असं कोणी विचारलं की मी आधी विचारते, उपासना म्हणजे तुम्ही काय धरताय? कारण आपल्या चर्चमधल्या बोलण्यातच ते अर्धवट झालंय, "आधी वर्शिप होईल, मग प्रवचन" असं सर्रास म्हणतात, म्हणजे गाणी संपली की वर्शिप संपली. मी स्वतः वर्शिप टीममध्ये गायचे, बरीच वर्षं लीड करायचे, आणि त्या अर्ध्या तासात जे अनुभवलं ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही. डोळे भरून यायचे, देव अगदी जवळ आहे असं वाटायचं, लोक नंतर येऊन हात धरून सांगायचे की आज फार बरं वाटलं. पण मग माझ्या स्वरतंतूंवर गाठी आल्या आणि कितीतरी महिने गाणं बंद झालं, सुरुवातीला तर बोलणंही बंद, आणि त्या काळात उपासनेने माझं जे काही केलं ते लिहून काढावं असं खूप दिवस मनात होतं.

आधी आवाज घोगरा झाला, मग वरचे सूर फाटायला लागले, मग साधं फोनवर बोलतानाही थकायला व्हायचं. डॉक्टरांनी कॅमेऱ्याने घसा तपासला, गाणाऱ्यांना आणि शिक्षकांना होतात तशा छोट्या गाठी आहेत म्हणाले, घाबरू नका, पण काही दिवस पूर्ण मौन, त्यानंतर स्पीच थेरपी, आणि गाणं थेरपिस्ट परवानगी देईल तेव्हाच. कुजबुजायचंसुद्धा नाही, कारण कुजबुजण्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. गळ्यात छोटी पाटी आणि पेन अडकवून फिरायचे मी.

तशीच रविवारी चर्चला गेले. गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले, मीही राहिले, आणि तोंड मिटून उभं राहणं म्हणजे काय ते मला पहिल्यांदा कळलं. देवासमोर रिकाम्या हाताने आल्यासारखं वाटत होतं, आता मी त्याला देऊ काय? सर्व्हिस झाल्यावर पास्टरांना पाटीवर लिहून दाखवलं, "मी आता उपासना कशी करू?" ते हसले नाहीत, "देव बघतो गं मनातलं" असंही काही म्हणाले नाहीत, फक्त म्हणाले, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा १२ वा अध्याय वाच, पण पहिल्या वचनावर जायच्या आधी मागचे ११ अध्याय एका बैठकीत वाचून काढ.

वाचले. त्या ११ अध्यायांमध्ये आपण देवासाठी काय करायचं हे फारच थोडं आहे, देवाने काय केलं तेच सगळं आहे, पापी असताना प्रेम केलं, ख्रिस्त आपल्यासाठी मेला, कशानेही आपण त्या प्रीतीपासून वेगळे होऊ शकत नाही. आणि मग १२ व्या अध्यायात हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, देवाच्या या दयेमुळे मी विनवतो की तुमची शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा, हीच तुमची उपासना. त्याच्या लगेच पुढच्या वचनात मनाच्या नवीकरणाने रूपांतर होऊ द्या असं आहे. म्हणजे अर्पण आणि बदल एकाला एक लागून आलेत. आणि अर्पण काय करायचं तर शरीर, अख्खं, त्यात गळा आला, पण हात, पाय, झोप, पैसे, चिडचिड, फोनवर घालवलेले तास, सगळंच आलं. माझा गळा बंद असला तरी बाकीचं सगळं चालू होतं की!

त्याच आठवड्यात अब्राहामाची गोष्ट वाचनात आली, बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, उत्पत्तीचा २२ वा अध्याय. देवाने मुलाचं अर्पण मागितलं म्हणून इसहाकाला घेऊन मोरियाकडे जाताना तो चाकरांना म्हणतो, तुम्ही इथेच थांबा, मी आणि मुलगा तिकडे जाऊन उपासना करून परत येतो. त्या उपासनेत वाद्यं नाहीत, गाणं नाही, लाकडं आहेत, विस्तव आहे, सुरी आहे, आणि एक बाप आहे जो चालत राहतो. मी ते किती वेळा ऐकलं असेल, पण गाण्याशिवायची उपासना म्हणून त्याकडे कधी बघितलं नव्हतं.

आता सर्व्हिसबद्दल सांगते, कारण खरी शिकवणी तिथे झाली. टीममध्ये असताना दोन गाण्यांच्या मध्ये जे काही होतं त्या वेळात माझं डोकं पुढच्या गाण्याच्या स्केलमध्ये, माईकमध्ये, कीबोर्डवाल्याच्या खुणेत असायचं, ते कामच तसं आहे. स्टेजवरून उतरून लोकांमध्ये बसले तेव्हा लक्षात आलं की या सगळ्याला एक क्रम आहे आणि तो कोणीतरी विचार करून लावलाय. आधी देव बोलावतो, मग पापकबुली, मग क्षमेचं वचन, मग शास्त्रवाचन आणि प्रवचन, मग मध्यस्थीची म्हणजे इतरांसाठीची प्रार्थना, एकमेकांना शांतीचं अभिवादन, प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेणं, आणि शेवटी आशीर्वाद देऊन बाहेर पाठवणं. सगळीकडे अगदी असंच असतं असं नाही, ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वेगळं, पेंटेकॉस्टल मंडळीत वेगळं, आणि क्वेकर पंथातले बरेच लोक तर १७ व्या शतकापासून शांत बसून उपासना करत आलेत, कोणाला आतून बोलायची प्रेरणा झाली तरच तो उठून बोलतो (मला त्या दिवसांत हे फार जवळचं वाटलं). पण देवाने आधी बोलावलं आणि आपण उत्तर दिलं, हा गाभा बहुतेक ठिकाणी सापडतो.

यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायात हाच क्रम आहे. उज्जीया राजा मेला त्या वर्षी यशयाला प्रभू सिंहासनावर दिसला, सराफीम, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय सेवक, पवित्र, पवित्र, पवित्र म्हणतायत, उंबरे हलतायत, आणि यशया त्यांच्यात सूर मिसळत नाही, तो म्हणतो मी मेलो, मी अशुद्ध ओठांचा माणूस आहे. मग वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लावला जातो, दोष दूर झाला असं सांगितलं जातं, आणि त्यानंतर कोणाला पाठवू असा प्रश्न येतो आणि तो म्हणतो हा मी आहे, मला पाठव. ओठ! मी पाटी गळ्यात घालून ते ऐकत होते आणि अंगावर काटा आला. इतकी वर्षं ओठांनी देवाची सेवा केली पण ओठ देवाच्या हातात देणं ही वेगळी गोष्ट आहे हे त्या दिवशी कळलं. आणि त्या प्रसंगात यशया काहीच साध्य करत नाही, बघतो, मान्य करतो, त्याला स्पर्श होतो, मग तो उठतो.

पापकबुलीच्या वेळी आमच्या चर्चमध्ये जुनी छापील प्रार्थना एकत्र म्हणतात. १५५२ सालच्या इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकातून ती जगभर पसरली, जे करायला हवं होतं ते आम्ही केलं नाही आणि जे करायला नको होतं ते केलं, अशा अर्थाची. छापील प्रार्थनेला लोक नावं ठेवतात, मनापासून नाही, पाठ केलेली आहे, म्हणून. माझा अनुभव उलटा आहे. माझ्या मनातून आपोआप जे निघतं ते मला आधीच माहीत असलेलं निघतं. मी स्वतः शब्द निवडले असते तर "जे केलं नाही" हा भाग मी कधीच आणला नसता, कारण न केलेल्या गोष्टी आठवतच नाहीत. दर रविवारी कोणीतरी माझ्यासमोर ते वाक्य ठेवतं, तेव्हा मला शोधावं लागतं की या आठवड्यात मी काय केलं नाही. आणि त्यात "आम्ही" असतं, शेजारचा माणूसही तेच म्हणतोय, मग वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या माणसाला नाटक करायची गरज राहत नाही.

स्पीच थेरपीमध्ये माझे रोजचे व्यायाम फारच किरकोळ होते, हलकेच गुणगुणल्यासारखा आवाज काढा, ओठ थरथरवा, श्वास सोडा, परत. एका दिवसात काहीच फरक कळायचा नाही, कंटाळा यायचा, पण तेच तेच करून स्वरतंतूंना नवी सवय लागते. उपासनेतल्या ठरलेल्या गोष्टी माझ्यावर तसंच काम करत होत्या, फक्त इथे व्यायाम घेणारा पवित्र आत्मा आहे असं मी मानते, माझ्या चिकाटीवर ते सोडलेलं असतं तर काही खरं नव्हतं.

आता ताईचा विषय, तो टाळून हे लिहिता येणार नाही. आईच्या आजारपणात कोणी किती केलं यावरून माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं बोलणं बंद झालं होतं. तपशिलात जात नाही, दोघींकडे आपापली बाजू आहे. त्या काळात मी स्टेजवरून क्षमेची गाणी गात होते आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना न भेटता शेजारी शेजारी राहत होत्या. गाणं बंद झाल्यावर मात्र प्रभूची प्रार्थना उरली, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हास सोड. मौन असताना मी ती मनातल्या मनात म्हणायचे आणि मनातल्या मनात म्हणताना घाई करता येत नाही, निदान मला आली नाही. ऋणी म्हटलं की ताईचा चेहरा यायचा. दर वेळी.

त्यात एकदा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायातलं वाचन आलं. तू आपलं अर्पण वेदीजवळ आणलंस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. येशू उपासना मध्येच थांबवायला सांगतो! आणि तुझ्या मनात काही असेल तर असं तो तिथे म्हणत नाही, त्याच्या मनात असेल तर असं म्हणतो, कोण बरोबर होतं याची चौकशीच नाही. मला ते फार जड गेलं, खरं सांगते, कारण माझी सगळी तयारी मी कशी बरोबर होते याची होती.

बोलायची थोडी परवानगी मिळाल्यावर मी तिच्याकडे गेले. दिवसाला ठरावीक मिनिटंच बोलायचं असा नियम होता तेव्हा, त्यामुळे मी एवढंच म्हटलं की मला भांडायचं नाहीये, तू बोल, मी ऐकते. आणि ती बोलली, किती वेळ बोलली, रडली, मला काही वाक्यं अजिबात पटली नाहीत आणि उलट उत्तर द्यायला आवाजच नव्हता. आवाज असता तर मी ऐकलं असतं का, याचं उत्तर मला माहितीये. सगळं मिटलं असं नाही. पण आता आम्ही बोलतो, आईच्या औषधांचं वेळापत्रक दोघी मिळून बघतो, आणि पुढच्या प्रभुभोजनाला मी भाकर हातात घेतली तेव्हा हात थरथरत होता.

प्रभुभोजनाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आवाज नसलेल्या माणसाला तिथे पूर्ण भाग घेता येतो. काही म्हणायचं नाही, हात पुढे करायचा आणि घ्यायचं. येशू मरणातून उठल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य त्याला न ओळखता त्याच्याबरोबर इतकं चालले, त्याने शास्त्र उलगडून सांगितलं, त्यांची अंतःकरणं पेटली, तरी ओळख पटली ती त्याने भाकर मोडली तेव्हा. पण हेच भोजन धोक्याचंही आहे. करिंथच्या मंडळीला पौलाने जे खडसावलं ते वाचा, १ करिंथ ११, तिथले खाऊनपिऊन सुखी लोक आधीच जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, आणि पौल सरळ म्हणतो तुम्ही जे खाताय ते प्रभूचं भोजन नव्हेच. टेबलावर भाकर होती, प्याला होता, सगळं यथासांग असणार, पण शेजारचा उपाशी असेल तर ती उपासना नाही. आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ५ व्या अध्यायात देव त्याच्याही पुढे जातो, तुमच्या गाण्यांचा गोंगाट माझ्यापुढून दूर करा, मी तुमच्या वीणा ऐकणार नाही, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. गाणाऱ्या माणसाने हे वचन प्रॅक्टिसच्या खोलीत भिंतीवर लावावं असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी हे जोडून ठेवलं होतं. साधारण ११२ साली बिथुनियाचा रोमी अधिकारी प्लिनी सम्राट ट्राजानला लिहितो की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, आणि चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही अशी शपथ घेतात. बाहेरच्या माणसाला, तेही शिक्षा देणाऱ्या माणसाला, गाणं आणि वागणं एकत्रच दिसलं. पुढे १५५ च्या आसपास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या सभेचं वर्णन लिहिलंय, त्यात शास्त्रवाचन, उपदेश, उभं राहून प्रार्थना, भाकर आणि प्याला, लोकांचं आमेन, जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवकांच्या हाती भोजनाचा वाटा पाठवणं, आणि जमा झालेल्या दानातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले, परके या सगळ्यांची काळजी घेणं, हे सगळं एका सभेचा भाग म्हणून येतं. मला त्यातलं घरी पाठवलेला वाटा हे फार आवडलं. मी आजारी होते म्हणून असेल.

माझ्या पुढच्या रांगेत एक आजी बसतात, त्यांचा सूर लागत नाही आणि आवाज मोठा आहे. स्टेजवरून मला तो आवाज वेगळा ऐकू यायचा. आता मी त्यांच्या बरोबर मागे बसत होते आणि तोंड बंद होतं, तर गाण्याचे शब्द मला त्यांच्याच आवाजात मिळत होते. कलस्सैकरांस पत्रात लिहिलंय की स्तोत्रं, गीतं आणि आध्यात्मिक गाणी यांनी एकमेकांना शिकवा आणि बोध करा, म्हणजे गाणं वर देवाकडे जातं तसं आडवं शेजाऱ्याकडेही जातं. त्या माझ्यासाठी गात होत्या, त्यांना माहीत नसताना. आणि मग मी विचार करायला लागले की मी इतकी वर्षं गात होते तेव्हा तिथे असे कितीजण असतील ज्यांचा गळा ठीक होता पण दुःखाने शब्द फुटत नव्हता, आणि त्यांच्यासाठी आम्ही काय गात होतो? जवळजवळ सगळी आनंदाची, विजयाची गाणी.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि विलापाची स्तोत्रं त्यात भरपूर आहेत. १३ वं, देवा कुठवर मला विसरणार? २२ वं, ज्याची पहिली ओळ येशूने वधस्तंभावर उच्चारली. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी "तरीपण तू चांगला आहेस" असं वळण येतच नाही. आणि तरी ते देवाच्या मंदिरात गायचं गाणं म्हणून ठेवलंय. मला यातून फार मोठा आधार मिळाला. देवाकडे तक्रार घेऊन जाणं हीसुद्धा उपासना आहे कारण तक्रार त्याच्याकडेच नेली आहे, दुसरीकडे नाही. माझा आवाज परत येईल की नाही हे कोणी खात्रीने सांगत नव्हतं तेव्हा १३ वं स्तोत्र मी रोज वाचायचे, आणि त्याच्या शेवटच्या ओळींपर्यंत, मी परमेश्वराला गाईन या ओळींपर्यंत, काही दिवस मी पोचायचेच नाही, मध्येच थांबायचे. चालतं. दुसऱ्या दिवशी परत सुरुवातीपासून.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, बदल होतो म्हणून उपासना करायची असं जर कोणी धरलं तर सगळं परत आपल्याभोवतीच फिरायला लागतं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणाच्या ४ थ्या आणि ५ व्या अध्यायात जी उपासना दिसते तिथे कोणी स्वतःबद्दल बोलतच नाही, स्वर्गातले वडीलजन आपले मुकुट देवाच्या सिंहासनापुढे टाकतात आणि तू योग्य आहेस एवढंच म्हणतात. उपासना करायची ती तो योग्य आहे म्हणून. बदल त्याच्याकडे बघता बघता होतो, २ करिंथ ३:१८ मध्ये पौल तेच लिहितो, प्रभूचं तेज बघत असताना आपण त्याच प्रतिरूपात बदलत जातो, तेजातून तेजात. माणूस ज्याच्याकडे बघत राहतो त्याच्यासारखा होतो, पैशाकडे बघणारा, नावाकडे बघणारा, सगळेच. त्यामुळे आज सर्व्हिसमध्ये मला काय वाटलं हा प्रश्न मी आता विचारत नाही. वाटतं कधी, कधी नाही वाटत. ताईचा फोन आला की मी कसा उचलते ते बघते.

थेरपिस्टने हळूहळू परवानगी दिली, आधी खालचे सूर, थोडी मिनिटं, मग वाढवत. पास्टरांनी परत टीममध्ये ये म्हटलं तेव्हा मी दोन गोष्टी मागितल्या, एक म्हणजे टीममधल्या प्रत्येकाने आळीपाळीने खाली बसायचं, फक्त उपासक म्हणून, आणि दुसरी म्हणजे महिन्यातून निदान एकदा विलापाचं स्तोत्र गाण्यात यायला हवं. पहिली गोष्ट सगळ्यांना पटली. दुसरीवर अजून चर्चा चालू आहे, काहीजण म्हणतात नवीन आलेला माणूस उदास होऊन जाईल, मी म्हणते नवीन आलेला माणूस उदासच आलेला असू शकतो, त्याला निदान एक गाणं तरी त्याचं मिळू दे. सध्या आम्ही १३ व्या स्तोत्राला चाल लावतोय. पहिल्या भागाची चाल बसलीये, पण तक्रारीवरून विश्वासावर ते जिथे वळतं तिथे कीबोर्डवाल्याला सूर एकदम उजळ करायचाय आणि मला ते इतक्या लवकर नकोय, त्यामुळे या शनिवारी परत बसणार आहोत.